घरचं माणूस बाकावर

आजच्या शोकसभेतून आपल्या घरात काय काय येणार, याची मोजदाद थोरल्या सुनेनं चहाला उकळी येईपर्यंत मनातल्या मनात उरकून टाकली होती. पहिलं म्हणजे नवऱ्याला क्रीडा मंडळाचं अध्यक्षपद. सध्याचे अध्यक्ष डॉक्टर ते सोडणार होते, पण कुणाच्या तरी रिकाम्या हातात सोडणाऱ्यांतले ते नव्हते. दुसरं, भर चौकात सासऱ्यांच्या नावाची पाटी. पाटीवर आडनाव येणार, आणि आडनाव तिचंही होतं. तिसरं, लग्न झाल्यापासून ती गावात ‘कोचची सून’ होती. सासरे गेले तरी तिचं सूनपण काही संपलेलं नव्हतं. आता ती अध्यक्षांची बायको होणार होती. या सगळ्याच्या बदल्यात द्यायचं काय, तर दुकान. ते तसंही तिचं नव्हतं. दुसऱ्याच्या वस्तूचा आहेर करताना हात सढळ राहतो.

दुकान सासूबाईंच्या नावावर होतं आणि दुकानात बसायची नणंद. सासूबाईंना राजी करायचं होतं आणि नणंदेला दुपारपर्यंत गाफील ठेवायचं होतं. राहिला धाकटा दीर. तो सकाळच्या गाडीनं आला होता, एकटाच. बॅग अजून दारात होती. बायकोला न घेता आलेला दीर बायकोचा निरोप घेऊन आलेला असतो, एवढं थोरल्या सुनेला कळत होतं.

“वहिनी, एक बोलायचं होतं,” तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाला. “आईचं.”

“बोला ना भाऊजी. साखर कमीच ना?”

“दादा फोनवर म्हणाला, दुकान मंडळाला दिलं की वरच्या या खोल्याही जाणार. मग आई वर्षभर तुमच्याकडे, वर्षभर आमच्याकडे. आता आमचं घर तुम्ही पाहिलंय. त्यात हिच्या पाठीचा त्रास...”

“पाठ? मागच्या खेपेला गुडघा होता.”

“आता पाठही आहे,” धाकटा म्हणाला, आणि स्वतःलाच ते कसंसं वाटून त्यानं कप हातात घेतला.

थोरल्या सुनेनं गॅस बंद केला. घासाघीस करायची नसली की ती नेहमी आधी गॅस बंद करायची. “आईंना आम्ही ठेवतो, भाऊजी. कायमच्या. वर्षावर्षाचा हिशेब कशाला, आई म्हणजे काय भाड्याची सायकल आहे?”

धाकट्याला हे इतक्या लवकर अपेक्षित नव्हतं. त्यानं वाटेत गाडीत बरीच तयारी केली होती. ती सगळी वाया गेली.

“आणि ताई?”

“वन्सं काय, वन्सं आहेतच की. आईंच्या खोलीत त्यांचाही एक पलंग टाकू.” तिनं चहा गाळला. “तुम्ही फक्त दोन गोष्टी करायच्या. सभेत विषय निघाला की गप्प बसायचं. आणि तोवर त्यांना काही बोलायचं नाही. त्या तुमचं ऐकतात.”

सासूबाई येणार त्या बिनपगारी नर्ससकट येणार, हे थोरल्या सुनेनं पाचवं कलम म्हणून धरलं होतं. ते तिनं उच्चारलं नाही. चौथं कलम काय होतं ते ती स्वतःलाही सांगत नसे: नणंदेचा तिला राग यायचा. वाईट काहीच न वागणाऱ्या माणसाचा येतो तसा.

*

खाली दुकानात ताई एका रॅकेटची गटिंग करत होती. तिला घरात सगळेच ताई म्हणायचे, थोरला भाऊसुद्धा; गावही तिला ‘दुकानातली ताई’ म्हणायचं. सभेसाठी दुकान बंद ठेवायचं ठरलं होतं, म्हणून तिनं शटर अर्ध्यावर ओढलं होतं आणि त्याच्याखालून येणाऱ्या उजेडात मशीनवर वाकून ती तार ओवत होती. खेचायची, चिमटा लावायचा, बोटानं छेडून आवाज ऐकायचा, पुढचं भोक. तिच्या पाठीमागे भिंतभर चेंडू, नेट, शिट्ट्या, गुडघ्याचे पट्टे. आणि कोपऱ्यात ते कपाट.

त्या कपाटावरच कोचनं गाव जिंकलं होतं. पोराचे बूट आखूड झाले की ते आणून कपाटात ठेवायचे आणि एक नंबर मोठे घेऊन जायचे. कोण ठेवतो, कोण नेतो, विचारायचं नाही. अनवाणी पोर मैदानावर दिसलं की कोच त्याला काही न बोलता दुकानात आणायचे, पायाकडे एकदा बघायचे आणि बरोबर मापाचा जोड काढून पुढे ठेवायचे. त्या कपाटातले बूट घालून धावलेला एक जण आज पोलिसात होता, एक जहाजावर, आणि डॉक्टरही. डॉक्टर हे रडल्याशिवाय सांगू शकत नसत. फक्त कोचच्या स्वतःच्या पोरांचा नंबर सगळ्यांत शेवटी लागायचा. गावाची पोरं उचलून झाली की जो जोड उरेल तो घरी. धाकट्याच्या डाव्या पायाचा अंगठा अजून आत वळलेला आहे.

तो जिना उतरून आला तेव्हा त्याची नजर आधी कपाटाकडेच गेली.

“ये,” ताई न बघता म्हणाली. “अंगठ्याला नमस्कार सांग.”

“आज कुणाची रॅकेट?”

“शाळेतल्या पी.टी.च्या बाईंची. उद्या त्यांच्या मुलींची मॅच आहे. सभा असली म्हणून मॅच थोडीच थांबते? बाबा म्हणायचे तसं.” तिनं चिमटा सोडला. “वरती काय शिजतंय?”

“काय शिजणार? चहा.”

“वहिनी सकाळपासून माझ्याशी गोड बोलतायत. मला भीती वाटायला लागली आहे.”

धाकटा हसला. हसणं जरा लांबलं. “ताई, सभेत तू बोलावंस असं सगळ्यांचं म्हणणं आहे. बाकाची गोष्ट. दादा सांगतो तेव्हा ती पाण्यात पडलेल्या पापडासारखी होते. तू सांगितलीस तर लोक उठून उभे राहतील.”

“आणि दुकानाचं?” ताईनं आता त्याच्याकडे बघितलं. “दादा मंडळाच्या लोकांना घेऊन दोनदा येऊन गेला. टेप लावून भिंती मोजल्या. मी विचारलं तर म्हणाला, रंग द्यायचाय.”

“सभेत दुकानाचा विषय निघणार नाही.”

“तुझा शब्द?”

“माझा शब्द,” धाकटा म्हणाला. खोटं बोलताना त्याला लहानपणापासून अंगठा दाबायची सवय होती, आणि आता बुटात तो दाबला गेलेला कुणाला दिसणार नव्हता.

ताईनं रॅकेट खाली ठेवली आणि वर जाऊन आईला गाठलं. आई आरशासमोर साडीची पिन लावत होती. किल्ल्यांचा जुडगा कमरेला होता. दुकान ताई उघडायची, पण किल्ली रोज सकाळी आईकडून घ्यायची आणि संध्याकाळी आईला परत द्यायची, अशी त्या घरातली रीत होती. कोचनं कधीतरी ती घालून दिली आणि मोडायचं कुणाच्या मनात आलं नाही.

“आई, दुकान मी चालवायचं ना पुढे?”

“मग कोण चालवणार? तूच तर बसतेस.” आईनं पिन तोंडातून काढली. “नीट आहे का गं पदर? पुढच्या रांगेत बसायचंय मला.”

“नीट आहे,” ताई म्हणाली. तिला हवं ते उत्तर मिळालं होतं, आणि मिळालेलं उत्तर उलटसुलट करून बघायची तिला सवय नव्हती. ती कोचच्या हाताखाली वाढली होती. तिथं एकदाच सांगायचे.

*

शाळेचा हॉल भरला होता. आईला पहिल्या रांगेत मधोमध, गादीच्या खुर्चीवर बसवलं. शेजारी डॉक्टरांची बायको. तिनं आईचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

एवढ्या वर्षांत आई कोचबरोबर कुठल्या कार्यक्रमाला गेली होती, ते तिला आठवेना. ते सकाळी अंधारात मैदानावर जायचे, तिथून दुकान, दुकानातून मैदान. जेवायला वर यायचे ते तोंडातला घास संपायच्या आत खाली कुणीतरी हाक मारायचं. धाकट्याच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा ते कुठल्याशा गावी अंतिम सामन्याला होते. पोर तीन दिवसांचं झाल्यावर आले, हातात चषक. तो चषक तिनं त्याच संध्याकाळी धान्याच्या डब्यात माप म्हणून टाकला. त्यांना ते कधी कळलं नाही, कारण त्यांनी कधी धान्याच्या डब्यात हात घातला नाही.

आणि आता हे इतके लोक. एकेक जण व्यासपीठावरून तिच्याकडे हात करून बोलत होता. ‘कोचमागची शक्ती’ असं एकानं म्हटलं. ‘माउली’ असं दुसऱ्यानं. आईला पहिल्यांदा ते खोटं वाटलं. तिसऱ्यांदा वाटलं नाही.

मग ताई उठली.

तिला भाषण करता येत नव्हतं, ती सांगायची.

“माझ्या वडिलांचा एक नियम होता,” ती म्हणाली. “घरचं माणूस बाकावर. मैदानाच्या कडेला लाकडी बाक होता, तुमच्यातले बरेच जण त्यावर बसलेत. पण आम्हा भावंडांइतकं कुणीच नाही. आमच्या दादाला क्रिकेटच्या संघात घेतलं नाही...”

“घेतलं असतं तर आम्ही हरलो असतो!” मागून कुणीतरी ओरडलं आणि हॉल हसला. दादाही हसला, पहिल्या रांगेतल्यांना दिसेल इतपत. बाकानं त्याच्यावर मोठे उपकार केले होते. त्याला खेळता येत नाही हे कधी उघड झालं नाही. वडिलांच्या तत्त्वापायी वाया गेलेला खेळाडू म्हणून तो गावात आयुष्यभर मिरवला.

“आमची चौघींची रिले होती,” ताई सांगत होती. “शेवटचा टप्पा माझा. महिनाभर मीच धावत होते. ज्या दिवशी शर्यत, त्या दिवशी सकाळी बाबांनी माझा नंबर माझ्या पाठीवरून काढला आणि दुसऱ्या मुलीच्या पाठीवर लावला. पिना त्याच. मला म्हणाले, बस. मी बसले. लोकांनी विचारलं, कोच, हे काय? ते म्हणाले, माझी मुलगी आहे म्हणून धावली असं उद्या कुणी म्हणायला नको.”

ती दुसरी मुलगी, म्हणजे आजच्या पी.टी.च्या बाई, तिसऱ्या रांगेत डोळे पुसत होत्या.

“आम्ही हातभर अंतरानं हरलो. गावात परत आलो तर लोक स्टँडवर आलेले. हरलेल्या संघाच्या कोचला खांद्यावर घेतलं. असा माणूस बघितला नाही म्हणाले, चषक सोडला पण तत्त्व नाही सोडलं.” ती थांबली. इथे ती नेहमी थांबायची. “रात्री घरी आल्यावर बूट काढता काढता बाबा मला म्हणाले, तू धावली असतीस तर जिंकलो असतो.”

लोक उठून उभे राहिले. धाकटा म्हणाला होता तसे, सगळेच्या सगळे. टाळ्या थांबेनात. ताई खाली उतरू लागली. शेवटचं वाक्य तिनं आजवर शंभरदा तरी सांगितलं असेल, आणि आज पहिल्यांदाच ते तोंडातून गेल्यावर तिला त्याची चव लागली. बाबांना ठाऊक होतं. शर्यतीआधीच ठाऊक होतं.

पण विचार पुढे न्यायला वेळ मिळाला नाही. टाळ्या ओसरायच्या आत डॉक्टरांनी माइक धरला.

“ज्या माणसानं स्वतःच्या पोटच्या पोरीला बाकावर बसवून गावाला खेळवलं, त्याचं घर आज काय करतंय ते ऐका!”

दादा उठला. आवाज भरून आलेला होता. थोडा खरा, थोडा घोटून घेतलेला. “बाबांनी घरच्यांना कधी पुढे केलं नाही. मग त्यांचं दुकान घरच्यांनी कसं ठेवून घ्यायचं? दुकान आणि वरच्या खोल्या आम्ही मंडळाला देतोय. तिथं बाबांचं स्मृतिदालन होईल. खाली त्यांच्या वस्तू, वर मंडळाचं कार्यालय. आणि सगळं बघतील आपल्या पी.टी.च्या बाई. आईच्या हातून किल्ली द्यावी, अशी माझी विनंती आहे.”

ताई पायरीवरच उभी राहिली. तिनं धाकट्याला शोधलं. तो पहिल्या रांगेच्या टोकाला बसून कार्यक्रमपत्रिका वाचत होता. कार्यक्रमपत्रिकेत नऊ ओळी होत्या.

“आई,” ताई म्हणाली. माइकपासून ती लांब होती.

आईनं ते ऐकलं. पण त्याच वेळी सगळा हॉल तिच्याकडे बघून टाळ्या वाजवत होता, डॉक्टरांची बायको तिला कोपराला धरून उठवत होती, आणि समोर नवऱ्याचा मोठा केलेला फोटो होता. त्यातही तो तिच्याकडे न बघता मैदानाकडेच बघत होता. नाही म्हणायचं तर या सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं. मग ‘माउली’ कोण राहिली असती?

तिनं कमरेचा जुडगा सोडला. दुकानाची किल्ली शोधायला तिला क्षणभरही लागला नाही.

*

“वन्सं, तुम्हीच तर इतकं सुंदर सांगितलंत,” थोरली सून वर आल्यावर म्हणाली. “लोकांचे डोळे कोरडे नव्हते हो.”

“मला कुणी विचारलं?”

“अगं, विचारायचं काय त्यात?” दादानं कोट खुर्चीवर टाकला. “बाबांचा नियम आहे. तूच सांगितलास आत्ता माइकवरून.”

“घरचं माणूस बाकावर.”

“तेच.”

“मग तू अध्यक्ष कसा? तू कुणाच्या घरचा आहेस?”

धाकट्याच्या तोंडून हसू फुटता फुटता राहिलं, आणि ताई त्याच्याकडे वळली.

“तू हसू नकोस. शब्द दिला होतास.”

“माझ्याकडे काय बघतेस? मी कुठे काय केलं?” धाकट्याचा आवाज चढला. “आईला हे लोक कायमची ठेवून घेतो म्हणाले, मी गप्प बसलो. इतकंच. तुला काय कमी केलंय? तुलाही आईच्या खोलीत पलंग देतायत!”

थोरल्या सुनेनं डोळे मिटून घेतले. गुपित हवाली करताना माणूस बघून करावं, हे तिला कळत होतं; पण दुसरा दीर नव्हता.

“अस्सं,” ताई म्हणाली. “पलंगसुद्धा मोजून झाला.”

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि पी.टी.च्या बाई आत आल्या. त्यांना काही कल्पना नव्हती, किंवा ती करून घ्यायची नव्हती. त्यांनी ताईला मिठी मारली. “मी सांगितलं त्यांना, मला एकटीला जमणार नाही. गटिंगचं मला काय कळतं? तू असशीलच ना गं रोज? माझी उद्याची रॅकेट झाली का?”

“झाली. काउंटरवर आहे,” ताई म्हणाली. “बाकीचं तू बघ. शेवटचा टप्पा तुझा आहे.”

बाई हसल्या. मग त्यांना हसू आवरायला थोडा वेळ लागला. “तेव्हा मी काही मागितलं नव्हतं,” त्या हळूच म्हणाल्या. “पिना त्यांनीच लावल्या.”

“माहीत आहे. म्हणून तर तुझ्यावर कधी रागावता आलं नाही. राग कुणावर काढायचा याचीच गैरसोय झाली बघ आयुष्यभर.”

ती आतल्या खोलीत गेली. पलंगाखालून बॅग काढली. दारात आई येऊन उभी राहिली.

“एवढ्या लोकांसमोर मी नाही कशी म्हणणार होते?”

“मला पदर विचारत होतीस तेव्हा तुला ठाऊक होतं?”

थोरल्यानं तिला आठवडाभर आधीच सांगितलं होतं. तिनं हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. आयुष्यभर तिनं असंच काम भागवलं होतं.

“तू धावली नाहीस म्हणतेस,” आई एकदम म्हणाली, आणि तिचा आवाज ताईनं कधी ऐकला नव्हता असा कडक होता. “पण तुला बाबा मिळाले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुकानात. काय बोलायचात, काय हसायचात, मला वर ऐकू यायचं. मी ताट वाढून बसलेली असायचे. ते दुकान माझ्या उरावर होतं गं. गेलं, बरं झालं.”

ताईच्या हातातली घडी घातलेली साडी तशीच राहिली. बाबा दुकानात काय बोलायचे ते तिला आठवलं. चिमटा दे. तार बघ. नेट आलं का? हसायचे ते गिऱ्हाइकांशी. पण हे आईला सांगून आता कुणाचं भलं होणार होतं? म्हातारीनं जन्मभर ज्या गोष्टीचा हेवा केला ती नव्हतीच, हे तिला कळलं असतं, एवढंच. ताईनं ते सांगितलं नाही. त्या दिवशी त्या घरात कुणी कुणाला फुकट दिलेली ती एकच गोष्ट.

“मशीन माझं आहे,” बॅग घेऊन बाहेर येत ती म्हणाली. “माझ्या कमाईतलं. ते नेतेय. नदीपलीकडच्या क्लबवाल्यांनी कितीदा बोलावलंय. खोलीही देतायत.”

“आणि आईंचं कोण करणार?” थोरली सून पटकन बोलून गेली.

“तुम्ही कायमच्या ठेवताय ना, वहिनी.”

“हो, पण... त्यांचं अंघोळीचं, रात्रीचं उठणं, औषधं... हे सगळं तुम्हीच...”

“मी घरचं माणूस,” ताई म्हणाली. “मला बाकावर बसवलंय.”

धाकट्यानं मशीन उचलायला हात पुढे केला. तिनं त्याला नको म्हटलं नाही. जड होतं ते. दोघांनी मिळून ते रिक्षापर्यंत नेलं, आणि तो काहीतरी बोलेल म्हणून रिक्षावाला गाडी सुरू न करता थांबला. “अंगठा दुखतो का रे अजून?” तिनंच विचारलं. तो “थंडीत” म्हणाला, आणि रिक्षा गेली.

*

स्मृतिदालनाचं उद्घाटन ठरल्या दिवशी झालं. भिंतींना रंग लागला होता. काचेच्या पेटीत कोचची शिट्टी होती आणि तिच्या बाजूला ‘कोचच्या हातची गटिंग’ अशी चिठ्ठी लावलेली रॅकेट होती. ती गटिंग ताईची होती. कोचचे हात शेवटची आठ-दहा वर्षं थरथरत होते. बुटांच्या कपाटाचीही पेटी झाली. काच लावून कुलूप घातलं, बूट नीट जोडीनं मांडले. आता पोरांना आपले बूट आखूड झाले तर ते घेऊन कुठे जायचं, हे मंडळाच्या बैठकीत कुणाला सुचलं नाही.

आणि मधोमध, लाल दोरीच्या आत, मैदानावरून उचलून आणलेला तो बाक. पॉलिश केलेला.

आईला थोरल्या सुनेनं आणलं. सून महिन्याभरात वाळली होती. रात्री तिला दोनदा उठावं लागायचं, आणि अध्यक्षांच्या मिसेस म्हणून मिरवायला ज्या दुपारी लागतात त्या सगळ्या औषधांच्या वेळांत जायच्या. पहिल्या रांगेच्या खुर्च्या पाहुण्यांनी भरल्या होत्या. सभेला जी गादीची खुर्ची आईसाठी होती तिच्यावर आज डॉक्टर बसले होते. माउलीचं काम त्याच दिवशी झालं होतं.

चौकातून चालून आल्यानं आईचे पाय भरून आले होते. तिनं इकडे तिकडे बघितलं. मग दोरी वर उचलून ती वाकली आणि बाकावर टेकणार, एवढ्यात पी.टी.च्या बाई धावत आल्या.

“अहो आई, तिथं नाही बसायचं हं. ते बघायला ठेवलंय.”

आई उभी राहिली. भाषणं सुरू झाली.

एकूण ताळा असा लागला. दादाला खुर्ची मिळाली. धाकट्याला त्याच्या घरात शांतता मिळाली. ताईला त्यानं दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा केला नाही. थोरल्या सुनेला पाटी मिळाली आणि पाटीबरोबर सासू. गावाला दालन मिळालं. नदीपलीकडच्या पोरांना रॅकेट ओवून देणारी ताई मिळाली. कोचला सगळ्यांत जास्त मिळालं, आणि नेहमीसारखंच त्यांना त्यासाठी काही द्यावं लागलं नाही.

द्यायचं होतं ते घरच्या बायकांनी दिलं. एक नदीपलीकडे गेली होती. दुसरी, कमरेला हलका झालेला जुडगा खोचून, थोरल्या मुलाचं भाषण संपेपर्यंत उभी होती. भाषण बाकाच्या गोष्टीवर आलं होतं, आणि तो ती लांबवत होता.